आन्नाबाईंचा युरी

बायकांच्या मंडळाच्या स्मरणिकेत एका पुरुषाचे चरित्र कशाला, असा प्रश्न आमच्या बैठकीत एकीने विचारलाच. प्रश्न रास्त आहे. पण युरी गागारिनची हकीगत मी जितक्या वेळा वाचली, तितक्या वेळा मला अग्निबाणाच्या आधी एक घर दिसले आणि त्या घरातल्या दोघीजणी दिसल्या. एक त्याची आई आन्ना तिमोफेयेव्हना, दुसरी त्याची पत्नी वालेंतिना. या दोघींना वगळले तर उरते ती यंत्राची गोष्ट, आणि ती पुष्कळांनी सांगून ठेवली आहे.

युरीचा जन्म ९ मार्च १९३४ चा. गाव क्लुशिनो, मॉस्कोच्या पश्चिमेला स्मोलेन्स्क प्रांतात. वडील अलेक्सेई सुतार. राहते घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेले. आई सामुदायिक शेतावरच्या गोठ्यात दूध काढण्याचे काम करी. बाई मात्र शहरात वाढलेली, पीटर्सबर्गच्या कारखान्यातील एका कामगाराची मुलगी. वाचनाची आवड तिने खेड्यातही सोडली नाही. मुले चार : वालेंतिन, झोया, युरी आणि धाकटा बोरिस.

१९४१ साली जर्मन फौजा गावात शिरल्या. युरीने नुकतीच शाळेची पायरी चढली होती. राहते घर जर्मनांनी बळकावले आणि घरच्यांना बाहेर काढले. मग अलेक्सेईंनी मागच्या आवारात जमिनीत खड्डा खणला, वर लाकडे आणि माती घातली, आणि सुमारे ३ मीटर लांब व तेवढ्याच रुंद अशा त्या बिळात सगळे कुटुंब जवळजवळ पावणेदोन वर्षे राहिले. हे वाचले त्या दिवशी मी आमच्या स्वयंपाकघराचे माप घेऊन पाहिले. ते थोडे मोठेच निघाले!

त्या दिवसांतच एका जर्मन शिपायाने लहानग्या बोरिसला त्याच्याच गळपट्ट्याने सफरचंदाच्या झाडाला टांगले. आईने धावत जाऊन त्याला सोडवले म्हणून पोर वाचले. युरीने आपल्या परीने सूड घेतला. शिपायांच्या मोटारींच्या नळकांड्यांत माती आणि चिंध्या कोंबायच्या, हा त्याचा उद्योग झाला. १९४३ मध्ये माघार घेताना जर्मनांनी वालेंतिन आणि झोया यांना वेठीस धरून नेले. ती दोघे घरी आली ती युद्ध संपल्यावर. आन्नाबाईंनी ही मधली दोन वर्षे कशी काढली असतील, ते ज्यांनी मुले वाढवली आहेत त्यांनीच मनाशी जाणावे.

पुढे कुटुंब ग्झात्स्क या लहान शहरात गेले. युरीने ओतकामाची विद्या शिकली, मग सारातोवच्या तांत्रिक शाळेत असताना तेथील विमान क्लबात नाव घातले, आणि १९५५ मध्ये ओरेनबुर्गच्या लष्करी वैमानिक शाळेत गेला. उंची अवघी १५७ सेंटीमीटर; विमान उतरवताना नीट दिसावे म्हणून बैठकीवर उशी घ्यावी लागे. वालेंतिना त्याला ओरेनबुर्गलाच भेटली. १९५७ मध्ये लग्न झाले, आणि संसार थाटला तो थेट उत्तर ध्रुवाकडच्या थंडीत, नॉर्वेच्या सीमेजवळच्या विमानतळावर.

१९६० मध्ये अंतराळासाठी वीस वैमानिक निवडले गेले, त्यांत युरी होता. दिवसचे दिवस आवाजाचा स्पर्श नसलेल्या खोलीत एकटे बसणे, तापलेल्या कोठडीत तग धरणे, गरगर फिरणाऱ्या यंत्रात शरीराचे वजन कैकपट वाढलेले सोसणे, असे ते शिक्षण. यान बांधणारे मुख्य अभियंते सर्गेई कोरोल्योव्ह. त्यांनी यान दाखवायला या मुलांना नेले, तेव्हा आत शिरण्यापूर्वी युरीने पायातले बूट काढून ठेवले, असे सांगतात. आपल्याकडे यात नवल ते काय! पण कोरोल्योव्हांच्या मनात तो मुलगा भरला तो तेव्हापासून, असे म्हणतात.

हे सगळे काम गुप्त. १९६१ च्या मार्चमध्ये धाकटी मुलगी गाल्या जन्मली, थोरली लेना अजून दोन वर्षांचीही झाली नव्हती. पत्नीला तो कुठे जाणार हे ठाऊक होते, पण तिने काळजी करू नये म्हणून त्याने उड्डाणाचा दिवस दोन दिवस पुढचा सांगितला. आईला तर एवढेच सांगितले की कामासाठी लांब जायचे आहे. मला या खोटेपणाचा राग येतो आणि येतही नाही.

१२ एप्रिल १९६१, सकाळी ९ वाजून ७ मिनिटे. ‘वोस्तोक’ यानाचा गोळा सुमारे २.३ मीटर व्यासाचा, म्हणजे क्लुशिनोतल्या खड्ड्याहूनही लहान. वजनरहित अवस्थेत माणसाचे डोके ठिकाणावर राहील की नाही याची डॉक्टरांना खात्री नव्हती, म्हणून यानाची सूत्रे कुलूपबंद करून त्याचा आकडा एका बंद पाकिटात ठेवला होता. मौज अशी की, तो आकडा वरिष्ठांनीच युरीला आधी हळूच सांगून टाकला होता. पृथ्वीची एक प्रदक्षिणा झाली, आणि उतरताना मागचा यंत्रांचा भाग नीट सुटेना; तारांचा जुडगा अडकून राहिला आणि सुमारे दहा मिनिटे गोळा गरगरत राहिला. अखेर तारा जळून तुटल्या. जमिनीपासून ७ किलोमीटर उंचीवर तो यानातून बाहेर फेकला गेला आणि हवाई छत्रीने व्होल्गाकाठच्या एका शेतात उतरला. तेथे एक आजी आणि तिची नात बटाटे लावत होत्या. नारिंगी पोशाखातली ती आकृती पाहून दोघी मागे सरल्या. अंतराळातून आलेल्या पहिल्या माणसाला आधी त्या दोघींची भीती घालवावी लागली.

तो यानाबाहेर छत्रीने उतरला, हेही सरकारने बरीच वर्षे झाकून ठेवले. विक्रमाच्या नियमांत ते बसत नव्हते.

ग्झात्स्कला ही बातमी आकाशवाणीवरून कळली. अलेक्सेई कामावर होते. मेजर गागारिनचे नाव कानावर आले तेव्हा आपला मुलगा अजून लेफ्टनंट आहे, तेव्हा हा कुणी दुसरा असेल, असे म्हणून ते सुतारकाम करत राहिले, असे सांगतात. मुलाला बढती वर असतानाच मिळाली होती! आन्नाबाईंनी मात्र मॉस्कोची गाडी गाठली. सुनेजवळ महिन्याचे मूल होते, तिच्याजवळ कुणीतरी हवे. दोन वर्षांनी, १९६३ मध्ये, वालेंतिना तेरेश्कोव्हा ही गिरणीतली मुलगी पहिली स्त्री म्हणून अंतराळात गेली, तेव्हा तिच्या आईचीही तीच गत झाली. तिलाही मुलगी हवाई छत्रीच्या सरावाला गेली आहे एवढेच माहीत होते.

त्यानंतरचे त्याचे आयुष्य मला अधिक अवघड वाटते. देशोदेशी सत्कार, मेजवान्या, पेल्यावर पेले. १९६१ च्या ऑक्टोबरात क्रिमियातल्या विश्रामगृहात त्याने सज्जावरून उडी मारली आणि भुवईला मोठी जखम करून घेतली; त्या प्रसंगामागे दुसऱ्या एका बाईचा संबंध होता आणि पत्नीला तो कळला होता, असे त्याच्या वरिष्ठांच्या रोजनिशीवरून पुढे उघड झाले. लोकांना मात्र निराळेच कारण सांगण्यात आले. नंतर थोड्याच आठवड्यांत पतिपत्नी भारतात आली, मुंबईलाही आली. मी तेव्हा लहान होते. वर्तमानपत्रातले त्याचे हसरे चित्र वडिलांनी आमच्या भिंतीला चिकटवले होते. भुवईवरची ती खूण मला कुणी दाखवली नाही, आणि शेजारी उभ्या असलेल्या तिच्या मनात काय असेल हे विचारण्याचे माझे वयही नव्हते.

त्याला पुन्हा वर जायचे होते. १९६७ च्या एप्रिलमध्ये ‘सोयूझ’ यान कोसळून त्याचा मित्र व्लादिमीर कोमारोव्ह गेला. त्या उड्डाणाचा राखीव माणूस युरीच होता. मग त्याला अंतराळात पाठवायचे नाही असे ठरले. निदान विमान तरी चालवू द्या, म्हणून त्याने अर्ज-विनंत्या केल्या, आणि २७ मार्च १९६८ रोजी सरावाच्या उड्डाणात व्लादिमीर सेर्योगिन या शिक्षकासह त्याचे मिग विमान कोसळले. वय ३४. कारणांबद्दल आजही अनेक मते आहेत. वालेंतिना त्या वेळी इस्पितळात होती.

तिच्या हाती मग एक पत्र देण्यात आले. १० एप्रिल १९६१ रोजी, उड्डाणाच्या दोन दिवस आधी, त्याने ते लिहून ठेवले होते. यंत्रावर आपला पूर्ण विश्वास आहे, तरी काही झालेच तर दुःखाने खचू नकोस. मुलींना लाडावून न ठेवता चांगले वाढव. माझ्या आईवडिलांना विसरू नकोस. पुन्हा लग्न करायचे की नाही ते तुझ्या मनाप्रमाणे ठरव, अशा आशयाचे. सात वर्षे ते तिच्यापर्यंत पोहोचण्याची गरज पडली नव्हती.

ग्झात्स्कचे नाव त्याच वर्षी गागारिन झाले. आन्नाबाई तेथेच १९८४ पर्यंत होत्या. वालेंतिनाने दुसरे लग्न केले नाही. ती अंतराळवीरांच्या वसाहतीत मुलींना वाढवत राहिली, मुलाखतींना सहसा तयार होत नसे, आणि १७ मार्च २०२० रोजी, ८४ व्या वर्षी वारली.