एस. बी. रोड ते मुळशी

जुलै लागला, कॉलेज सुरू होऊन पंधरा दिवस झाले, की आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर एक मीटिंग भरते. अजेंडा एकच, या पावसाळ्यात कुठे जायचं? कुणी माळशेज म्हणतं, कुणी भंडारदरा. एखादा मोबाईल काढून खोपोलीच्या इमॅजिकाचं तिकीट किती ते बघतो आणि गप्प बसतो. दोन तास चर्चा होते, जुनी भांडणं उकरून निघतात, मेसचा चहा संपतो आणि शेवटी ठरतं काय? तर मुळशी! एफ. ई. ला मुळशी, एस. ई. ला मुळशी, टी. ई. लाही मुळशीच. चांदणी चौक ओलांडायचा, भूगावच्या तळ्यापाशी मागे राहिलेल्यांची वाट बघायची, पिरंगुटला पेट्रोल, पौडला वडापाव आणि मग धरणाचं पाणी दिसेपर्यंत थांबायचं नाही. त्याच वळणावरची तीच टपरी, तेच भाजलेलं कणीस, तोच ग्रुप फोटो. फक्त फोटोतली डोकी दरवर्षी एक-दोन कमी.

आता असं का, हा प्रश्न मला पडला. कारण आमच्या घरातही हाच रोग आहे. मामा बोरिवलीला राहायचा. दर मे महिन्यात आम्ही त्याच्याकडे आणि तिथून गोराईच्या बोटीने एस्सेलवर्ल्डला. एका वर्षी बाबा म्हणाले की यंदा दुसरीकडे जाऊ, तर मी आणि ताईने जेवण सोडलं. कुठल्या राइडमध्ये पोटात कधी गोळा येणार हे पाठ होतं, तरी तिथेच जायचं. राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असायची, तिला मी दरवर्षी डोकं लावून बघायचो. यंदा रेघेच्या वर गेलो की नाही? मोठा झाल्यावर ते पार्क बंद झाल्याचं कळलं तेव्हा मला वाईट वाटलं ते राइडचं नाही, त्या पट्टीचं. मागच्या वर्षीचा मी तिथे उभा असायचो ना! तर मुळशीचंही तसंच असणार, अशी माझी थिअरी होती. ती निम्मीच बरोबर होती हे मला माझ्या रूममेटमुळे कळलं.

रूममेट मुळशी तालुक्यातलाच. एफ. ई. ला तो आमच्याबरोबर आला, पण सगळे पाण्याकडे पळाले तेव्हा हा गाड्यांपाशीच उभा राहिला. पुढच्या वर्षी त्याचं जर्नल राहिलं होतं म्हणे. त्याच्या पुढच्या वर्षी पोट बिघडलं. मी एकदा चेष्टेत विचारलं की अरे, घरचं धरण असून तुला त्याचा कंटाळा कसा? तो काही बोलला नाही. टी. ई. ची परीक्षा संपल्यावर मात्र मला म्हणाला, दोन दिवस घरी चल.

त्याचं घर धरणाच्या वरच्या अंगाला, चढावर. संध्याकाळी त्याचे आजोबा आम्हाला घेऊन थोडं वर गेले. त्यांच्या हातात भाताचा नैवेद्य होता. पाण्याकडे तोंड करून त्यांनी तो ठेवला, हात जोडले आणि बोटाने पाण्यातली एक जागा दाखवली. तिथे आमचं गाव होतं, आमची आंबेमोहोराची खाचरं होती. गंमत म्हणजे ते गाव आजोबांनी स्वतः पाहिलेलंच नाही. त्यांचा जन्म पाणी भरल्यानंतरचा. त्यांच्या वडिलांनी त्यांना ही जागा दाखवली होती, तेव्हापासून ते दरवर्षी येतात. बोलता बोलता म्हणाले, सेनापती होते तोवर जोर होता. मी विचारलं, कोण सेनापती? आजोबांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बापट, सेनापती बापट! तीन वर्षं मी एस. बी. रोडवर शॉपिंगला जात होतो. एस. बी. म्हणजे काय हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

परत आल्यावर लायब्ररीत जाऊन जेवढं मिळालं तेवढं वाचलं. राजेंद्र व्होरांचं मुळशी सत्याग्रहावरचं पुस्तकही मिळालं. आणि पहिला धक्का बसला तो असा, की हा माणूस चक्क मेकॅनिकलवाला! आपला सीनियरच म्हणा ना.

पांडुरंग महादेव बापट. जन्म १२ नोव्हेंबर १८८०, पारनेर, तेव्हाचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. घरची परिस्थिती बेताची, डोकं तल्लख. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले आणि १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून स्कॉटलंडला एडिंबरोला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेले. त्या काळात पारनेरचा मुलगा एडिंबरोला, म्हणजे घरच्यांनी काय काय स्वप्नं पाहिली असतील! पण तिथे त्यांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजी राजवटीवर जाहीर भाषण केलं, तेही इंग्रजांपुढे, आणि शिष्यवृत्ती गेली. आपल्याकडे एक बॅकलॉग राहिला तर घरी फोन करायची छाती होत नाही. या गृहस्थाने अख्खी डिग्री एका भाषणावर घालवली.

मग लंडनचं इंडिया हाऊस, तिथे सावरकरांची गाठ. तिथून पॅरिस, आणि एका रशियन क्रांतिकारकाकडून बॉम्ब तयार करण्याचं शिक्षण. १९०८ साली बॉम्बची माहितीपुस्तिका घेऊन ते परत आले. अलीपूर बॉम्ब खटल्यात एका फुटलेल्या साथीदाराने त्यांचं नाव घेतलं, त्यामुळे काही वर्षं भूमिगत राहावं लागलं, मग अटक, मग सुटका. सुटल्यावर ते पारनेरला गेले आणि काय केलं? पहाटे उठून झाडू घेऊन गावातले रस्ते आणि संडास साफ करायला लागले. ब्राह्मणाच्या घरातला, विलायतेला जाऊन आलेला माणूस! आमच्या मजल्यावरच्या बेसिनची अवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांनी यावर जरा विचार करावा.

आता मुळशी. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं टाटा कंपनीने ठरवलं होतं. कल्पना इंजिनिअरच्या दृष्टीने फारच सुंदर, हे मला प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. घाटमाथ्यावर बेफाट पाऊस आणि शेजारीच कोकणात उतरणारा सरळसोट कडा. पूर्वेला वाहणारं पाणी अडवायचं, बोगद्यातून पश्चिमेला वळवायचं आणि पाचशे मीटरच्या आसपास उंचीवरून खाली भिऱ्याला टर्बाइनवर सोडायचं. एवढा हेड म्हणजे पेल्टन व्हीलची चैनच! खोपोलीला १९१५ पासून अशी वीज तयार होतच होती. मुंबईच्या गिरण्यांना ती आणखी हवी होती. फ्लुइड मशिनरीच्या पेपरात असा प्रश्न आला तर मी आनंदाने सोडवीन. त्या प्रश्नात पन्नासच्या आसपास गावं नसतात, एवढंच.

ही गावं मावळ्यांची. जमीन भाताची, उत्तम. लोकांना न विचारता ती सरकारने कायद्याने मिळवून कंपनीला द्यायची असा प्रकार होता. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी, हजाराच्या वर माणसं धरणाच्या जागी जाऊन बसली आणि काम थांबलं. धरणाविरुद्धचा जगातला पहिला मोठा संघटित लढा म्हणून हा सत्याग्रह ओळखला जातो. विनायकराव भुस्कुटे हे सुरुवातीपासूनचे पुढारी, आणि बापट त्यात असे उतरले की लोक त्यांना सेनापती म्हणायला लागले. म्हणजे ही पदवी ना कुठल्या विद्यापीठाची ना सरकारची, मुळशीच्या मातीची आहे.

काम काही महिने थांबलं आणि परत सुरू झालं. मग खरी परीक्षा. बापटांना पहिल्यांदा तुरुंगवास झाला, सुटले, मुळशीला परत. दुसऱ्यांदा झाला, सुटले, परत मुळशीला! बायकाही तुरुंगात गेल्या. पण दुसरीकडे पाया ढासळत होता. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या. सावकारांना शेतीशी काय घेणं, त्यांना नुकसानभरपाईची रक्कम दिसत होती. ते तडजोडीला तयार झाले. काँग्रेसच्या पुढाऱ्यांचा उत्साह आटला. पैसे उचलून गाव सोडणारे वाढले. पुण्याहून सभांना येणारी गर्दी पांगली, आणि जो जात राहिला तो हा एक वेडा पारनेरकर.

तिसऱ्या वेळी, १९२४ मध्ये, त्यांनी आणि मोजक्या साथीदारांनी धरणाच्या कामाच्या रेल्वेमार्गावर दगड रचून गाडी अडवली. शुद्ध सत्याग्रहाची त्यांची व्याख्या गांधीजींपेक्षा वेगळी होती. अन्याय करणाऱ्या कामाची वस्तू मोडली तर ती हिंसा नाही असं त्यांना वाटे. हे बरोबर की चूक यावर आमच्या रूममध्ये रात्री दोनपर्यंत वाद झाला. मला स्वतःला ते पटत नाही, रुळावर दगड म्हणजे गाडीतल्या माणसाचं काय? पण हे केल्यावर ते पळाले नाहीत, स्वतः पोलिसांच्या हवाली झाले. शिक्षा सात वर्षं. वय चव्वेचाळीस.

आणि आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ती. धरण १९२७ साली पूर्ण झालं. बापट सुटले १९३१ साली. म्हणजे ज्यासाठी हा माणूस तीनदा आत गेला ती गावं तो आत असतानाच पाण्याखाली गेली. बाहेर आला तेव्हा तिथे आपलं आजचं, फोटोतलं, निळंशार मुळशी तयार होतं. त्यावर चार पावसाळे पडून गेले होते.

मी रूममेटला विचारलं, हरणार हे दिसत असताना बापट पुन्हा पुन्हा तिथेच का जात असतील? त्याने उलट मलाच विचारलं की आमचे आजोबा का जातात? तिथे तर आता अडवायलाही काही उरलं नाही. मला एस्सेलवर्ल्डची पट्टी आठवली. पण ती त्याला सांगायची हिंमत झाली नाही. आपण ओळखीच्या जागी जातो ते मजा नक्की मिळणार म्हणून. बापटांना तिथे काय नक्की मिळणार होतं? बेडी! तरीही, माझी थिअरी थोडी तरी लागू पडते असं मला वाटतं. शपथ घेतलेला बापट तिथे त्या बांधावर उभा होता. त्याला तिथेच सोडून दुसरीकडे जाणं त्यांना जमलं नसावं. अर्थात हा माझा अंदाज आहे, त्यांनी कुठे असं लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही.

पुढचं आयुष्यही असंच गेलं, ते थोडक्यात सांगतो, नाहीतर संपादक कात्री लावतील. १९३१ साली सुटल्यावर भाषणांबद्दल परत सात वर्षांची शिक्षा, त्यातून सुटका १९३७ साली. नंतर सुभाषबाबूंचा फॉरवर्ड ब्लॉक. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. एवढ्यावर कुणीही आराम केला असता. १९५५ साली, पंच्याहत्तरीला टेकलेले असताना, नानासाहेब गोऱ्यांबरोबर गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रहींच्या पहिल्या तुकडीत ते होते. मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी ते गेले. पुण्यातला एक रस्ता आणि मुंबईतला एक रस्ता त्यांच्या नावाने आहे. दोन्हीकडे ट्रॅफिक जाम असतो, आणि निदान आमच्या गँगमध्ये तरी पुण्यातल्या रस्त्याचं पूर्ण नाव घेणारा एकही नव्हता.

यंदा बी. ई. जुलैत नेहमीची मीटिंग भरली. मी म्हटलं, यंदा मुळशी नको. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण दरवर्षी मुळशीसाठी भांडणारा मीच. कारण सांगताना माझी त-त-प-प झाली. बुडालेली गावं, सेनापती, आजोबांचा नैवेद्य, सगळं एकदम तोंडात आलं. एकजण म्हणाला की मग रूममधले दिवेही बंद कर, वीज कुठून येते? त्यावर मला उत्तर देता आलं नाही, अजूनही येत नाही.

तेव्हा कोपऱ्यातून रूममेट म्हणाला की आपण मुळशीलाच जायचं, आणि तोही येणार.

गेलो. भूगाव, पिरंगुट, पौडचा वडापाव, सगळं तसंच. पाऊस असा की समोरची गाडी दिसेना. नेहमीच्या वळणावर टपरीवाल्या काकांनी आम्हाला ओळखलं, या वर्षी उशीर केलात म्हणाले. कणसं भाजायला टाकून सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहिले. रूममेटने बोटाने पाण्यातली ती जागा दाखवली. धुक्यात खरं म्हणजे काहीच दिसत नव्हतं. तरी एकाने विचारलं, किती घरं होती रे? तो सांगायला लागला, आजोबांनी सांगितलेली, त्यांच्या वडिलांनी सांगितलेली. पलीकडे देऊळ, अलीकडे पाणवठा, मग आमचं घर... कणसं करपली, काका ओरडले, तरी कुणी हललं नाही.

या वेळी फोटो मात्र काढायचा राहिला. पुढच्या वर्षी आम्ही सगळे कुठल्या कुठे असणार, पण एक रविवार धरून ठेवायचा असं परत येताना चांदणी चौकाच्या सिग्नलला ठरलं आहे.

– बी. ई. (मेकॅनिकल)