आमोस अलोन्झो स्टॅग

धर्मोपदेशक होण्यास निघालेला तरुण खेळांचा शिक्षक झाला, हें ऐकून कित्येक पालकांच्या कपाळास आंठ्या पडतील. मुलगा वाया गेला, असेंच आपणांकडे म्हणावयाचे. परंतु ज्यांचें चरित्र आम्ही आज सांगणार आहों, त्या आमोस अलोन्झो स्टॅग यांचें असेंच झालें, आणि त्यामुळें अमेरिकेंतील एका थोर विद्यापीठास आपलें क्रीडांगण लाभलें.

स्टॅग यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजीं न्यू जर्सी संस्थानांतील वेस्ट ऑरेंज या गांवीं झाला. वडील जोडे शिवीत. घरांत मुलें आठ आणि पैसा थोडा. मोठ्या कष्टानें शिकून ते येल विद्यापीठांत धर्मशास्त्राच्या अभ्यासास गेले. तेथें बेसबॉलमध्यें चेंडू टाकण्यांत त्यांची एवढी ख्याति झाली कीं, धंदेवाईक संघ पैसा घेऊन दारीं आले. गरिबी असतांही त्यांनीं तो नाकारला.

मनांतून व्हावयाचें होतें उपदेशक. पण सभेपुढें बोलणें त्यांस नीट साधेना. आपला पिंड व्यासपीठाचा नव्हे, हें त्यांनीं स्वतःच ओळखलें. ही ओळख कठीण असते. आम्हां शिक्षकांत तरी ती कितीजणांस पटते? १८९० सालीं ते स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए.च्या शिक्षणशाळेंत गेले. तेथेंच पुढें जेम्स नेस्मिथ यांनीं बास्केटबॉल शोधून काढला. मार्च १८९२ मध्यें त्या खेळाचा पहिला जाहीर सामना झाला, त्यांत विद्यार्थ्यांनीं शिक्षकांस ५-१ असें हरविलें. शिक्षकांचा तो एकुलता एक गुण स्टॅग यांचा. बालवाचकांस ही हकीकत विशेष रुचेल, म्हणून मुद्दाम दिली आहे.

त्याच वर्षीं शिकागो विद्यापीठ उघडलें. त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे येल येथील स्टॅग यांचे गुरु. त्यांनीं स्टॅग यांस शरीरशिक्षणाचे प्रमुख नेमून इतर प्राध्यापकांच्या बरोबरीची कायम जागा दिली. खेळ शिकविणारा म्हणजे हंगामापुरता आणलेला माणूस, हा समज तेथें मोडला. मैदानासाठीं मार्शल फील्ड या धनाढ्य व्यापाऱ्याची जमीन मिळाली, व प्रथम त्याचेंच नांव मैदानास पडलें. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तें बदलून स्टॅग फील्ड झालें. वाढत वाढत तेथें पन्नास हजार प्रेक्षकांची सोय झाली.

शिकागोचा मोठा खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल. चेंडू हातीं घेऊन धांवावयाचें, ही त्याची तऱ्हा आमच्या मुलांच्या फुटबॉलहून अगदीं निराळी. १९०५ सालीं मिशिगन विद्यापीठाचा संघ सलग ५६ सामने अपराजित होता. त्यास शिकागोनें २-० असें नमविलें. स्टॅग तंबाखूस शिवत नसत, मद्यास शिवत नसत, आणि फारच संतापले तर खेळाडूस गाढव म्हणत. त्यापलीकडे त्यांची शिवी गेली नाहीं.

एकेचाळीस हंगाम लोटले. स्टॅग सत्तरीस आले आणि विद्यापीठानें वयाचा नियम पुढें केला. दुसरी जागा देऊं केली होती. पण मुलांस शिकविण्याचें काम त्यांत नव्हतें. स्टॅग यांनीं ती घेतली नाहीं व १९३३ सालीं कॅलिफोर्नियांतील स्टॉक्टन येथील कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्यें नव्यानें आरंभ केला. १९३८ सालीं त्या लहानशा कॉलेजाची मुलें घेऊन ते शिकागोस आले, आणि ज्या मैदानास स्वतःचें नांव होतें तेथें आपल्याच जुन्या विद्यापीठाचा त्यांनीं ३२-० असा पराभव केला. तो दिवस त्यांस सुखाचा गेला असेल कीं दुःखाचा, याचा विचार आमच्या मनांत वारंवार येतो.

पुढच्याच वर्षीं शिकागोनें फुटबॉल बंद केला. अध्यक्ष हचिन्स यांच्या मतें त्या खेळाचा बडेजाव विद्येस मारक होता. हें मत अगदींच निराधार होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. पण खेळाचा बाजार करणाऱ्यांपैकीं स्टॅग नव्हते. १९४३ सालीं, वयाच्या ८१ व्या वर्षीं, सर्व अमेरिकेंतील फुटबॉल-शिक्षकांनीं त्यांस त्या वर्षीचे श्रेष्ठ शिक्षक ठरविलें.

मोकळ्या पडलेल्या मैदानाची गोष्ट मात्र विलक्षण आहे. पश्चिमेकडील पायऱ्यांखालीं चेंडूफळी खेळण्याची एक बंदिस्त जागा होती. २ डिसेंबर १९४२ रोजीं तेथें एन्रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं परमाणूंच्या विघटनाची सांखळी प्रथमच मनुष्याच्या ताब्यांत चालवून दाखविली. अणुयुगाचा उदय मुलांच्या खेळण्याच्या जागीं झाला! १९५७ सालीं त्या पायऱ्या पाडल्या गेल्या. स्टॅग १७ मार्च १९६५ रोजीं, वयाच्या १०२ व्या वर्षीं, स्टॉक्टन येथें वारले.

जुन्या मैदानाच्या जागीं १९७० पासून विद्यापीठाचें मोठें ग्रंथालय आहे. फुटबॉल त्याच्या आदल्या वर्षीं पुन्हां सुरू झाला. तो थोड्या अंतरावरील लहान मैदानांत खेळतात, आणि त्या मैदानासही स्टॅग फील्ड असेंच म्हणतात.