पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ का होतात, हे शोधणाऱ्या डॉक्टरांनी स्वतःच्या मेंदूवर मोठी जोखीम घेतली होती

घरात साठी ओलांडलेली आई किंवा मावशी असेल, तर पुढचा प्रसंग ओळखीचा वाटेल. डेक्सा स्कॅन होतो, रिपोर्टमध्ये उणे चिन्हाचा आकडा येतो, डॉक्टर आठवड्याला एक गोळी लिहून देतात. त्याच संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड टाकतं की या गोळीनं जबड्याचं हाड सडतं. झालं. गोळ्यांची पट्टी फ्रिजवर तशीच पडून राहते.

घ्यायची की नाही? हा प्रश्न समजून घ्यायचा असेल तर सुमारे ८० वर्षं मागे, अमेरिकेतल्या बोस्टन शहरात जावं लागतं. तिथं डॉ. फुलर ऑलब्राईट नावाचे एक गृहस्थ होते. डॉक्टर लोक त्यांना आधुनिक एंडोक्रायनॉलॉजीचे, म्हणजे हार्मोन्सच्या शास्त्राचे, जनक मानतात.

ऑलब्राईट यांचा जन्म १२ जानेवारी १९०० चा, बफेलो शहरातला. वडील जॉन ऑलब्राईट म्हणजे कोळसा, पोलाद आणि विजेच्या धंद्यातलं बडं प्रस्थ. बफेलोतली प्रसिद्ध आर्ट गॅलरी त्यांच्याच पैशातून उभी राहिली. थोडक्यात, पोरानं काही केलं नसतं तरी भागलं असतं. पण पोरगा हार्वर्डमध्ये डॉक्टर झाला, १९२४ साली. पुढं बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लागला आणि १९२८ च्या सुमारास व्हिएन्नाला जाऊन याकोब एर्डहाइम या पॅथॉलॉजिस्टकडे हाडांचे आजार शिकून आला.

या हॉस्पिटलमध्ये 'वॉर्ड ४' नावाचा एक छोटा वॉर्ड होता. इथं पेशंटचा अक्षरशः जमाखर्च मांडला जायचा. पोटात जाणारा प्रत्येक घास मोजून. लघवी आणि शौच गोळा करून त्यातलं कॅल्शियमही मोजून. आत किती गेलं, बाहेर किती आलं? बाहेर जास्त येत असेल तर ते हाडांमधून निघतंय, हे उघड होतं. एक्स-रेमध्ये हाडाची झीज दिसायला ती बरीच व्हावी लागते. ही वही त्याच्या कितीतरी आधी सांगायची. डेक्सा मशीन यायला अजून काही दशकं होती, हे लक्षात घ्या.

या वॉर्डातला सगळ्यात गाजलेला पेशंट म्हणजे कॅप्टन चार्ल्स मार्टेल. व्यापारी जहाजावरचा हा धिप्पाड माणूस आजारपणात जवळपास ७ इंचांनी बुटका झाला. त्याच्या पॅराथायरॉइड ग्रंथीवर गाठ होती आणि तिचं हार्मोन दिवसरात्र हाडातून कॅल्शियम ओढत होतं. पण गाठ काही सापडेना. सहा ऑपरेशनं मानेत शोधण्यात गेली. १९३२ मध्ये सातव्या ऑपरेशनमध्ये ती छातीत सापडली. नंतर काही आठवड्यांतच मुतखड्याच्या त्रासातून मार्टेल गेला. हार्मोन आणि हाड यांचं नातं किती घट्ट आहे, ते ऑलब्राईट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या माणसानं दाखवलं.

मग त्यांचं लक्ष गेलं पाठीत बाक आलेल्या बायकांकडे. तोवर याला म्हातारपण म्हणून सोडून दिलं जायचं. ऑलब्राईट यांनी ६५ च्या आतले, दुसरं कुठलंही कारण नसताना हाडं ठिसूळ झालेले ४२ पेशंट पाहिले. त्यातल्या ४० पाळी गेलेल्या स्त्रिया होत्या. म्हणजे दोष नुसत्या वयाचा नव्हता. १९४० आणि १९४१ मध्ये त्यांनी हे छापलं आणि पाळी गेल्यानंतरचा ऑस्टिओपोरोसिस हा स्वतंत्र आजार म्हणून ओळखला जाऊ लागला.

उपाय कबुतरांनी सुचवला असं म्हटलं तरी चालेल. अंडं घालायच्या आधी कबुतराची मादी कवचासाठी हाडांच्या पोकळीत कॅल्शियम साठवते आणि ते इस्ट्रोजेनमुळे होतं, असं तेव्हा नुकतंच दिसलं होतं. ऑलब्राईट यांनी इस्ट्रोजेन आपल्या पेशंटना दिलं आणि वही उघडली. कॅल्शियमची गळती थांबली होती. पुढं त्याच हॉस्पिटलमध्ये वर्षानुवर्षं इस्ट्रोजेन घेतलेल्या स्त्रियांची उंची मोजत राहिले, तेव्हा उंची घटणंही थांबलेलं दिसलं.

इस्ट्रोजेन नवं हाड बांधतं, असा त्यांचा समज होता. तो चुकीचा निघाला. इस्ट्रोजेन मुख्यतः हाडाची मोडतोड रोखतं. पण कारण चुकलं तरी औषध लागू पडलं, असं वैद्यकात पुष्कळदा होतं.

हे सगळं चालू असतानाच, वयाच्या पस्तिशीनंतर, ऑलब्राईट यांना पार्किन्सन्स झाला. हात थरथरायचे, लिहिणं अवघड, पुढं पुढं बोलणंही. तरुण सहकारी त्यांची गाडी चालवायचे. तरीही त्यांचं सगळ्यात मोठं काम याच काळातलं. शरीरात हार्मोन असूनही पेशी त्याला दाद देत नाहीत अशा आजाराचं पहिलं उदाहरण त्यांनी १९४२ मध्ये दाखवलं. हार्मोन देऊन गर्भधारणा टाळता येईल हे त्यांनी १९४५ मध्ये लिहून ठेवलं. गर्भनिरोधक गोळी यायला अजून १५ वर्षं होती!

१९५६ साली त्यांनी निर्णय घेतला. न्यूयॉर्कचे सर्जन आयर्विंग कूपर मेंदूतल्या एका भागात अल्कोहोल सोडून पार्किन्सन्सची थरथर कमी करत होते. पद्धत नवी, प्रयोगाच्याच पायरीवरची. औषधांचा फारसा उपयोग नव्हता, आजार वाढत होता, आणि तोटा काय होऊ शकतो हे ऑलब्राईटइतकं कुणाला कळणार? त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. एका बाजूचं नीट पार पडलं. दुसऱ्या बाजूच्या वेळी मेंदूत रक्तस्राव झाला. त्यानंतर ते कधीच बोलू शकले नाहीत. १३ वर्षं अंथरुणावर काढून डिसेंबर १९६९ मध्ये, आपल्याच हॉस्पिटलमध्ये, ते गेले. पार्किन्सन्सवरच्या लेव्होडोपा या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली १९७० मध्ये.

इकडं त्यांच्या इस्ट्रोजेनच्या वहीतली खर्चाची बाजू भरायला अजून वेळ होता. १९७५ मध्ये दोन अभ्यास आले: नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर साधारण ४ ते ८ पट जास्त. मग जोडीला दुसरं हार्मोन देऊ लागले. २००२ मध्ये १६,६०८ अमेरिकन स्त्रियांवरचा त्या जोडगोळीचा प्रयोग मध्येच थांबवला गेला. दर वर्षी १०,००० स्त्रियांमागे खुब्याची ५ फ्रॅक्चर कमी झाली, पण स्तनाचे ८ कॅन्सर, ८ पक्षाघात आणि ७ हृदयविकाराच्या घटना वाढल्या. वॉर्ड ४ मध्ये फक्त कॅल्शियम मोजलं जात होतं. या गोष्टी त्या वहीत दिसणं शक्यच नव्हतं.

आता फ्रिजवरच्या पट्टीकडे वळू. ती बहुतेक ॲलेन्ड्रोनेटची असेल. १९९५ पासून अमेरिकेत हे औषध या आजारासाठी दिलं जातं. १९९६ चा एक अभ्यास आहे, आधीच मणक्याचं फ्रॅक्चर झालेल्या स्त्रियांवरचा. ३ वर्षांत औषधाविना १०० पैकी १५ जणींना मणक्याचं नवं फ्रॅक्चर झालं, औषध घेणाऱ्यांत ८ जणींना. खुब्याची फ्रॅक्चर १०० मागे २ वरून १ वर आली. म्हणजे फायदा खरा आहे, पण औषध न घेणाऱ्या सगळ्यांचं हाड मोडतं असंही नाही. ज्यांचं हाड आधी मोडलंय, त्यांना फायदा जास्त. स्कॅनचा आकडा थोडासाच खाली असलेल्या पन्नाशीतल्या बाईला बराच कमी.

आणि जबडा? तो फॉरवर्ड खोटा नाही, अर्धा आहे. अशा बहुतेक केसेस कॅन्सरसाठी शिरेतून मोठे डोस घेणाऱ्यांच्या. हाडांसाठीच्या डोसमध्ये हे प्रमाण वर्षाला १०,००० ते १,००,००० माणसांमागे १ इतकं धरतात. दात काढायचा असेल तर तो औषध सुरू करण्याआधी काढून घ्यावा, असं त्यासाठीच सांगतात.

ज्याबद्दल फॉरवर्ड सहसा येत नाहीत तो दुष्परिणाम मला जास्त महत्त्वाचा वाटतो: मांडीचं हाड किरकोळ कारणानं आडवं मोडणं. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सुमारे १,९६,००० स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ३ वर्षांच्या औषधानं १०,००० गोऱ्या स्त्रियांमागे खुब्याची १४९ फ्रॅक्चर टळली आणि अशी २ झाली. आशियाई वंशाच्या स्त्रियांमध्ये टळली ९१, झाली ८. नफा तरीही मोठाच, पण आपल्यासारख्यांना तो जरा कमी आणि तोटा जास्त. वर्षं वाढतील तसा हा धोका वाढतो, औषध थांबवलं की झपाट्यानं उतरतो. म्हणून गोळी साधारण ५ वर्षं झाली की पुढं चालू ठेवायची का, हे डॉक्टर पुन्हा तपासतात. मांडीत किंवा जांघेत सतत दुखत असेल तर तेवढी वाट न बघता सांगायचं. डेनोसुमॅब या सहामाही इंजेक्शनचं मात्र उलटं. ते मनानं बंद केलं तर मणक्यांची फ्रॅक्चर एकापाठोपाठ होऊ शकतात.

गोळी घ्यायचीच ठरली तर सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. अन्ननलिकेचा त्रास बऱ्याचदा इथंच चुकल्यामुळे होतो.

एक नोंद राहिली. १९२९ मध्ये तरुण ऑलब्राईट आणि सहकाऱ्यांनी उंदरांना पॅराथायरॉइडचा अर्क टोचला होता. मार्टेलचं हाड खाणारं तेच हार्मोन. पण उंदरांमध्ये हाड वाढलेलं दिसलं, आणि ते निरीक्षण अनेक दशकं तसंच पडून राहिलं. हार्मोन सतत असेल तर हाड झिजतं, पण दिवसातून एकदा थोडंसं टोचलं तर नवं हाड बांधलं जातं, हे पुढं कळलं. त्यावर आधारलेलं टेरिपॅराटाइड २००२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, उंदरांमध्ये हाडाचा कॅन्सर दिसल्यामुळे ठळक इशाऱ्यासकट. माणसांमध्ये तो धोका वाढलेला दिसला नाही, म्हणून २०२० मध्ये तो इशारा काढून टाकण्यात आला.