डॉ. बाबासाहेब आंबेडकर : चर्चासत्रात घडलेला विद्यार्थी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेतले की चवदार तळ्यावर ओंजळ भरणारे नेते आणि राज्यघटनेचे शिल्पकार आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. हे योग्यच आहे. परंतु या नेत्याच्या आधी एक विद्यार्थी होता आणि त्या विद्यार्थ्याची घडण परदेशातील विद्यापीठांत, संशोधनाच्या चर्चासत्रांत झाली. बाबासाहेबांच्या चरित्राचा हा भाग आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावा असा आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. साताऱ्याच्या शाळेत या बुद्धिमान मुलाला इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडून द्यावा तेव्हाच पाणी मिळे. शिपाई नसला तर तहान तशीच मारावी लागे. वर्गात बसण्याची जागा आणि प्यायचे पाणी या दोन साध्या गोष्टीही त्यांना सहज मिळाल्या नाहीत.

अशा परिस्थितीत ते १९०७ साली मॅट्रिक झाले आणि पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडिलांचे छत्र हरपले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना उच्च शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. जुलै महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे वेगळे गोणपाट नव्हते. ग्रंथालयाचे दार सर्वांना उघडे होते. बाबासाहेब सकाळपासून रात्रीपर्यंत वाचत बसत. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ अभ्यासक्रम त्यांनी तेथे घेतले. सार्वजनिक अर्थकारणाचे थोर अभ्यासक एडविन सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई हे त्यांचे गुरू होते.

या ठिकाणी चर्चासत्र म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. जर्मन विद्यापीठांत रुजलेली ही पद्धत एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आली. व्याख्यानात प्राध्यापक बोलतात आणि विद्यार्थी टिपणे घेतात. चर्चासत्रात मात्र विद्यार्थी स्वतः अभ्यास करून निबंध लिहितो, तो सर्वांसमोर वाचतो आणि मग प्राध्यापक व सहाध्यायी त्याची कसून तपासणी करतात. पुरावा कोठे आहे, व्याख्या पक्की आहे काय, याहून वेगळा अर्थ लागू शकेल काय, असे प्रश्न येतात. वाचणारा कोणाचा मुलगा आहे, हे तेथे कोणी विचारीत नाही. त्याचे म्हणणे टिकते की नाही एवढेच पाहिले जाते.

९ मे १९१६ रोजी प्राध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी आपला निबंध वाचला. विषय होता भारतातील जाती : त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. वय अवघे पंचवीस वर्षांचे. ज्या व्यवस्थेने त्यांना वर्गाबाहेरच्या माणसासारखे वागविले, तीच व्यवस्था आज त्यांच्या अभ्यासाची वस्तू झाली होती. निबंधात मात्र कोठे आक्रोश नाही, आपल्या दुःखाची कहाणी नाही. आहे ती केवळ तर्काची शिस्त.

सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर या चार अभ्यासकांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या. जात ही सुटी वस्तू नसून जातींच्या व्यवस्थेचा भाग आहे, हे ओळखल्याबद्दल केतकरांना त्यांनी मनापासून श्रेय दिले. परंतु केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती : जातीबाहेर विवाहास बंदी आणि जन्मानेच मिळणारे सभासदत्व. ही दोन लक्षणे नसून एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असे बाबासाहेबांनी दाखवून दिले. बाहेर लग्न करण्यास बंदी केली की बाहेरचा माणूस आत येण्याची वाट आपोआप बंद होते. तेव्हा जातीचे सार एकच, ते म्हणजे जातीतल्या जातीत विवाह.

मग हा नियम टिकतो कसा? त्यासाठी गटातील स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहिली पाहिजे. पती वारला तर मागे राहिलेली स्त्री, पत्नी वारली तर मागे राहिलेला पुरुष, यांचे काय करावयाचे? त्यांनी बाहेर लग्न केले तर नियम मोडतो. आत केले तर दुसऱ्याचा जोडीदार हिरावला जातो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढींचे मूळ बाबासाहेबांनी या कोड्यात शोधले. जातीचा आणि स्त्रीच्या हालअपेष्टांचा असा संबंध १९१६ साली एका तरुणाने मांडावा, ही लहान गोष्ट नव्हे. निबंधाच्या शेवटी त्यांनी नम्रपणे सांगितले, की माझे मत अखेरचे नाही. ते चुकीचे आहे असे सिद्ध झाले तर मी ते सोडून देईन. चर्चासत्राचा खरा धर्म तो हाच. हा निबंध १९१७ च्या मे महिन्यात ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला.

तेथून बाबासाहेब लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. न्यूयॉर्कमध्ये प्राध्यापकांच्या बरोबरीने बसलेल्या या विद्वानाला बडोदे शहरात राहण्यास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला. तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. पदव्या होत्या, पण डोक्यावर छप्पर नव्हते.

तरीही त्यांनी अभ्यास सोडला नाही. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले. छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी प्रथम फेरलेखनासाठी परत केला. बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहिला, आणि १९२३ साली त्यांना डी. एस्सी. ही पदवी मिळाली. चलनाविषयी केन्स यांच्यासारख्या नामवंताचे मत त्यांनी त्यात खोडून काढले होते. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांना त्यांचे अनेक मुद्दे पटले नव्हते. तरीही त्यांनीच पुस्तकाला प्रस्तावना लिहिली आणि आपला मतभेद तीत उघडपणे नोंदविला. शिष्याचे मत न पटताही त्याचा मान राखणारे गुरू त्यांना लाभले. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली, तिच्यामागे याच अभ्यासाचे बळ होते.

आता वीस वर्षे पुढे येऊ. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना आपल्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलाविले. भाषणाचा मजकूर पाहून मंडळाने काही भाग गाळण्याचा आग्रह धरला. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषदच रद्द झाली. न झालेले ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. जो विषय न्यूयॉर्कच्या चर्चासत्रात शांतपणे ऐकला गेला, तोच विषय आपल्या देशात, जात मोडावयास निघालेल्या लोकांच्या सभेतही वाचता आला नाही. १९४४ च्या आवृत्तीच्या वेळी जुना निबंध आणि हे भाषण एकत्र गुंफावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु तेवढी सवड त्यांना मिळाली नाही.

पुढे त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले आणि १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढले. १९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने आपल्या या जुन्या विद्यार्थ्यास सन्मान्य पदवी दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महानिर्वाण झाले.

विद्यार्थी मित्रांनो, शिक्षणसंस्था इमारतींनी मोठी होत नाही. ज्या वर्गात मागच्या बाकावरील मुलगा किंवा मुलगी उभी राहून आपले म्हणणे मांडू शकते, आणि गुरुजी तिला खाली न बसविता पुरावा विचारतात, तो वर्ग मोठा. साताऱ्याच्या शाळेने जे नाकारले, ते कोलंबियाच्या एका खोलीने दिले. ती खोली आपल्या प्रत्येक शाळेत उघडता येण्यासारखी आहे. तिला खर्च फारसा लागत नाही, ऐकून घेण्याची तयारी मात्र लागते.