फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि इस्पितळाच्या नोंदवह्या

हाती दिवा घेऊन रात्री आजारी शिपायांची विचारपूस करीत फिरणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चित्र आमच्या विद्यार्थ्यांनी पाहिलेले आहेच. तथापि बाईंनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग ज्या कामी वेचला, ते काम त्या चित्रात दिसत नाही. इस्पितळांनी लिहून पाठविलेले आकडे खरे की चुकीचे, याची पारख करणे हे ते काम होय. त्याचाच अल्प परिचय आम्ही येथे करून देतो.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. बालपणापासून त्यांस गणिताची विलक्षण गोडी होती. घरच्या मंडळींचा विरोध सोसून त्यांनी शुश्रूषेचा मार्ग पत्करिला. क्रिमियाचे युद्ध चालू असता, १८५४ च्या नोव्हेंबर महिन्यात, ३८ परिचारिकांसह त्या आजच्या इस्तंबूल शहरातील स्कुतारी येथील लष्करी इस्पितळात दाखल झाल्या. तेथे शिपाई जखमांपेक्षा ज्वर, हगवण व पटकी यांनीच अधिक मरत.

किती मरत, हे मात्र कोणासही निश्चित सांगता येत नसे. मृत्यूंच्या तीन निरनिराळ्या नोंदी होत्या. दफन झालेल्यांची संख्या एक, वैद्यांच्या कागदातील दुसरी, कचेरीतील तिसरी. एकीचा मेळ दुसरीशी बसत नसे. ज्याच्या मरणाची नोंदच नाही, त्याच्या मरणाचे कारण तरी कोण शोधणार?

१८५५ च्या मार्चमध्ये विलायतेहून आरोग्य-समिती आली. तिने गटारे साफ करविली, हवा खेळती केली. फेब्रुवारीत शेकडा ४२ पर्यंत चढलेले मृत्यूचे प्रमाण जूनपर्यंत शेकडा २ वर उतरले. युद्ध संपल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साह्याने बाईंनी सर्व कागद एकमेकांशी ताडून पाहिले. तेव्हा आपण ज्या इस्पितळात राबलो, तेथील घाणीनेच हजारो माणसे दगावली, हे उघड झाले. बाईंनी ते लपविले नाही. १८५८ साली रंगीत आकृत्या काढून त्यांनी ते राज्यकर्त्यांपुढे मांडिले. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने त्यांस आपली पहिली स्त्री-सभासद निवडिले. पुढे सर्व इस्पितळांनी एकाच नमुन्यावर नोंदी ठेवाव्यात, यासाठी त्यांनी कोष्टके तयार केली व १८६० च्या संख्याशास्त्र परिषदेपुढे ती मांडण्यात आली.

हिंदुस्थानात बाई कधीच आल्या नाहीत. परंतु १८५९ साली नेमिलेल्या चौकशी मंडळासाठी त्यांनी येथील लष्करी ठाण्यांस प्रश्नावली पाठविल्या व आलेली उत्तरे बारकाईने तपासली. येथील गोऱ्या फौजेत दर हजारी ६९ माणसे दरवर्षी मरत होती, असे १८६३ च्या अहवालात दिसून आले. पुढील दहा वर्षांत हे प्रमाण १८ वर आल्याचे त्यांनी लिहिले. खेड्यापाड्यांच्या आरोग्याविषयी पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लंडन येथे त्यांचे देहावसान झाले.

आज आमच्या नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा अशा डोंगराळ तालुक्यांतील उपकेंद्रांतूनही दरमहा आकडे वर जातात: किती बाळंतपणे झाली, किती बालकांस लस टोचली, किती मृत्यू झाले. वर गेलेला आकडा मूळ नोंदवहीशी जुळतो काय, नोंदवहीत ज्याचे नाव आहे त्या बालकास खरोखर लस मिळाली काय, हे ताडून पाहणे हीच बाईंची रीत होय. न टोचलेली लस टोचल्याचे लिहिले, तर कागद शोभतो, पण गोवर यावयाचा तो येतोच. शिवाय ज्या पाड्यास मदत हवी, तोच नजरेआड होतो.

या कामी आमच्या पालकांचाही वाटा आहे. घरातील जन्म वा मृत्यू २१ दिवसांच्या आत नोंदवावा, मुलाची लशीची पुस्तिका जपून ठेवावी, व परिचारिकाताई दारी आल्या असता वय व आजार खरा सांगावा. विद्यार्थ्यांनी घरच्या वडील मंडळींस ही पुस्तिका वाचून दाखवावी आणि एखादी लस राहिली असल्यास तसे त्यांच्या ध्यानी आणून द्यावे.