नवशिका मास्तर फॅरडे

पी.यू.सी.च्या वर्गावर मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा हातात रात्रभर जागून काढलेली टिपणे होती. ती मी वाचून दाखवली, मुलांनी मान खाली घालून उतरवून घेतली, आणि शिकवणे झकास जमले असे मला वाटले. पंधरा दिवसांनी ओहमच्या नियमावर एक साधा प्रश्न विचारला. मराठी शाळेतून आलेली मुले गप्प, कन्नड शाळेतून आलेलीही गप्प. त्याच सुमारास ग्रंथालयात मायकेल फॅरडेचे चरित्र हाती लागले. शोध लावणारा फॅरडे सर्वांच्या माहितीचा आहे. मला त्यात भेटला तो २१ वर्षांचा, माझ्यासारखाच नवखा फॅरडे.

त्याचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनजवळचा. वडील लोहार, प्रकृतीने अधू. शाळा लिहिण्या-वाचण्यापुरती आणि हिशेबापुरती. १८०५ साली तो रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे ७ वर्षांच्या उमेदवारीवर पुस्तकबांधणी शिकू लागला. बांधणीला आलेली पुस्तके तो वाचून काढी. ब्रिटानिका विश्वकोशातला विजेवरचा लेख त्याला असाच सापडला. जेन मार्सेट या बाईंचे रसायनशास्त्रावरचे पुस्तकही त्याने वाचले. एक शिक्षिका आणि दोन मुली यांच्या संवादातून विषय उलगडणारे ते पुस्तक होते. वाचलेले खरे की खोटे, हे तो तुटपुंज्या पैशांतून साहित्य आणून स्वतः पडताळून पाही.

१८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीची ४ व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे नीट लिहून स्वतः बांधली आणि डेव्हीकडे पाठवून दिली. मार्च १८१३ मध्ये तो तेथे प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. (टिपणे त्यानेही काढली होती, पण माझी आणि त्याची टिपणे यांत काय अंतर आहे, ते लिहिण्याची गरज नाही.)

आता मला आवडलेला भाग. नोकरी लागून जेमतेम ३ महिने झाले होते. काम होते व्याख्यात्यांना प्रयोगाचे साहित्य मांडून देण्याचे. हे करता करता तो व्याख्यात्यांकडे पाही आणि श्रोत्यांकडेही. जून १८१३ मध्ये ॲबट या मित्राला त्याने पत्रे लिहिली, ती सारी व्याख्यान कसे द्यावे यावर! दालनात मोकळी हवा हवी. एक तास पुरे. वक्त्याचे तोंड श्रोत्यांकडे असावे. त्याने घाई करू नये. टेबलावरच्या उपकरणांनी त्यालाच झाकून टाकू नये. स्वतःची व्याख्याने सुरू व्हायला अजून अडीच वर्षे होती. १८१६ मध्ये ती झाली. पुढे बोलणे सुधारावे म्हणून त्याने वक्तृत्वाची शिकवणीही लावली.

१८२५ साली तो प्रयोगशाळेचा संचालक झाला. नाताळात मुलांसाठी होणाऱ्या व्याख्यानमाला त्याने १८२७ ते १८६० या काळात १९ वेळा गुंफल्या. हातातला दगड सोडला की खाली पडतो, एवढेच सांगायचे असले तरी दगड सोडून दाखवावा, असे त्याचे मत होते. १८३१ साली त्याने विद्युत्चुंबकीय प्रवर्तन शोधले. गुंडाळीत चुंबक सारला की काटा हलतो. चुंबक तसाच धरून ठेवला की काटा परत शून्यावर येतो. हे मी फळ्यावर लिहून दिले होते, दाखवले नव्हते. चरित्र वाचल्यावर गॅल्व्हनोमीटर वर्गात नेला. चुंबक आत असूनही काटा परत का आला, असे शेवटच्या बाकावरून कोणीतरी मराठीत विचारले. वर्षातला तो पहिला प्रश्न.

फॅरडेला गणित मात्र येत नव्हते, आणि येथे त्याचा कित्ता गिरवण्याची सोय मला नाही. परीक्षेत गणिते येतातच. पण १८५७ मध्ये त्याने मॅक्सवेलला पत्र लिहून विचारले होते, की गणितज्ञांनी आपले निष्कर्ष साध्या भाषेतही का मांडू नयेत? आमच्या मुलांना तर इंग्रजी हीच दुसरी बीजगणिताची पाटी वाटते. म्हणून सूत्राआधी त्याचा अर्थ मराठीत आणि मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगतो. कन्नड मुले माझे कन्नड दुरुस्त करतात, तेवढ्यात सूत्रही त्यांच्या लक्षात राहते.

त्याची शेवटची नाताळ व्याख्याने १८६०-६१ ची, विषय साधी मेणबत्ती. ज्योतीपासून सुरुवात करून तो माणसाच्या श्वासापर्यंत आला. स्मरणशक्ती तोवर बरीच खालावली होती. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्टच्या घरी, खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला.

फार भरभर बोलू लागलो तर समोर ठेवावे म्हणून त्याने मदतनिसाकडे एक कार्ड देऊन ठेवले होते. त्यावर सावकाश बोलण्याची सूचना असे. मीही पहिल्या बाकावर तसे एक कार्ड ठेवले आहे. एका बाजूला मराठीत ‘सावकाश’, दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये ‘निधान’. मराठीत निधान म्हणजे ठेवा, यावरून वर्गात एकदा हशा झाला. आठवड्यातून दोनदा तरी ते कार्ड वर होते.