बसता येत नव्हतं, तरी झोपून भारत जोडायला निघालेले बाबा आमटे

२४ डिसेंबर १९८५. कन्याकुमारीहून शंभराहून जास्त तरुण-तरुणी सायकलवर काश्मीरकडे निघाले. त्यांच्यासोबत एक गाडी होती आणि त्या गाडीत एक पलंग होता. त्यावर आडवा पडलेला ७० वर्षांचा माणूस या मोहिमेचा नेता होता. नाव मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे.

बाबा झोपून का निघाले होते? कारण त्यांना बसताच येत नव्हतं. मणक्याच्या आजारामुळे त्यांच्यापुढे दोनच पर्याय उरले होते, एकतर उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं.

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. घर जमीनदाराचं. तरुणपणी शिकारीचा नाद, स्पोर्ट्स कारची हौस आणि सिनेमाचं वेड. पुढे वकील झाले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यात वकिली करू लागले. तिथे सफाई कामगारांचं दुःख कळावं म्हणून त्यांनी स्वतः डोक्यावरून मैला वाहिला.

एका पावसाळी रात्री रस्त्याच्या कडेला त्यांना तुळशीराम दिसला. कुष्ठरोगाने शरीर झडलेलं. कोणालाही न घाबरणारे बाबा त्या दिवशी घाबरून पळाले. या भीतीनेच त्यांची झोप उडवली. ते परत आले, त्याची सेवा केली आणि कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाच्या उपचारांचं शिक्षण घेतलं. वरोऱ्याजवळच्या माळरानावर १९५१ मध्ये आनंदवन उभं राहिलं. सोबत पत्नी साधनाताई, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये.

पुढे १९७३ मध्ये गडचिरोलीच्या जंगलात, भामरागडजवळ हेमलकशाला माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. मुलगा डॉ. प्रकाश आणि सून डॉ. मंदाकिनी तिथेच राहिले.

याच धावपळीच्या आयुष्यात पाठीने दगा दिला. आजाराचं नाव स्पॉन्डिलोसिस. यात मणके आणि त्यांच्यामधल्या चकत्या झिजतात आणि शेजारच्या नसांवर, कधी थेट मज्जारज्जूवर दाब येतो. मज्जारज्जू म्हणजे मेंदूचे निरोप हातापायांपर्यंत नेणारी मुख्य केबल.

हा दाब किंवा अपघाताचा मार इतका महागात का पडतो? त्याचं एक उत्तर शाळेच्या पुस्तकातल्या मायटोकॉन्ड्रियात आहे. पेशीचं पॉवरहाऊस म्हणून आपण ते पाठ केलेलं असतं. चेतापेशींना ऊर्जा खूप लागते. मज्जारज्जूला मार बसला की रक्तपुरवठा तुटतो, पेशीत कॅल्शियम घुसतं, मायटोकॉन्ड्रिया फुगून बंद पडतात आणि विषारी ऑक्सिजन कण सोडतात. त्यामुळे पहिल्या फटक्यातून वाचलेल्या पेशीही पुढच्या काही तासांत, दिवसांत मरतात. डॉक्टर याला दुय्यम इजा म्हणतात.

आता जगभरातले संशोधक हीच दुय्यम इजा थांबवायच्या मागे आहेत. कोणी मायटोकॉन्ड्रियाला वाचवणारी औषधं तपासतंय, तर कोणी निरोगी पेशींतले मायटोकॉन्ड्रिया काढून थेट जखमेजवळ सोडतंय. उंदरांवरच्या अशा प्रयोगात सुरुवातीला जखमेच्या जागी ऊर्जा तयार होणं सुधारलं, पण पुढे चालण्यात मोठा फरक पडला नाही. त्यामुळे हा इलाज अजून प्रयोगशाळेतच आहे. अपघातातल्या इजेला लागू पडणारं सगळं झिजेच्या आजाराला जसंच्या तसं लागू पडत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

बाबांच्या काळात तर यातलं काहीच नव्हतं. तरी ते थांबले नाहीत. १९८५ लाच मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये दुसरी भारत जोडो यात्रा अरुणाचलहून गुजरातकडे निघाली. १९९० मध्ये आनंदवन सोडून ते नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले आणि धरणामुळे उठणाऱ्या गावांच्या बाजूने उभे राहिले. तेव्हाही त्यांचे दिवस पलंगावरच जात होते. ९ फेब्रुवारी २००८ ला आनंदवनात त्यांचं निधन झालं. दहन न करता त्यांना तिथल्याच मातीत पुरण्यात आलं.

बाबांच्या भोवती सांभाळायला माणसं होती. भामरागडच्या जंगलात झाडावरून पडून ज्याची पाठ मोडते, त्याला नागपूर तीनशेहून जास्त किलोमीटर लांब आहे. दुय्यम इजा मात्र पहिल्या तासांतच सुरू होते. उद्या मायटोकॉन्ड्रियावरचं औषध आलंच, तर ते त्या तासांत हेमलकशासारख्या ठिकाणी पोहोचेल का, हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेरचा आहे. अशा लोकांपर्यंत आधी पोहोचायचं कसं, हे बाबांनी आयुष्यभर करून दाखवलं होतं.